गंजी आतून का तापते?

(रेडिओवरील शेतीविषयक कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)

खरिपाची काढणी सुरू झाली, की खळ्यावर आणि गोठ्याच्या मागे गंज्या उभ्या राहू लागतात. ज्वारी-बाजरीच्या कडब्याची गंजी, भाताच्या पेंढ्याची उडवी, सोयाबीनची सुडी, भुईमुगाच्या वेलांचा ढीग. प्रत्येक भागात नाव वेगळं, रचण्याची रीतही वेगळी. पण त्यात साठलेला असतो तो गुरांचा वर्षभराचा घास. अशी गंजी एखाद्या रात्री पेटली, तर घरधन्याच्या तोंडचं पाणी पळतं. आणि आग विझल्यावर चार माणसं जमली, की पहिला प्रश्न निघतो, "काडी लावली कुणी?"

मग संशय जातो भावकीवर, नाहीतर बांधाशेजारच्या माणसावर. जुनी भांडणं उकरून निघतात. चारा तर जातोच, वर माणसंही एकमेकांना दुरावतात. म्हणून आज आपल्याला एक गोष्ट समजावून घ्यायची आहे. काही वेळा काडी लावणारा कोणीच नसतो. गंजी ओलसर रचलेली असते, ती आतल्या आत तापत जाते आणि काही आठवड्यांनी स्वतःच पेट घेते. हे कसं घडतं, आधी कसं ओळखायचं आणि कसं टाळायचं, ते आता क्रमाने पाहू.

जाळाशिवाय उष्णता कुठून येते?

कळीचा चुना भिजवताना आपण सर्वांनी पाहिला आहे. घराला सफेदी करायची असो की फळबागेसाठी बोर्डो मिश्रण करायचं असो, कळीचे खडे पाण्यात टाकले, की पाणी खदखदू लागतं, वाफा निघतात. खाली जाळ नाही, चूल नाही. चुना आणि पाणी यांचा संयोग होताना ही उष्णता बाहेर पडते. चांगला, ताजा कळीचा चुना एक किलो घेतला, तर त्यातून सुमारे २७५ किलोकॅलरी उष्णता निघते. साडेतीन लिटर साधं पाणी उकळीच्या जवळ न्यायला तेवढी पुरते. अशा क्रियेला उष्मादायी क्रिया म्हणतात.

चुन्याची क्रिया झटपट होते, म्हणून ती डोळ्यांना दिसते. पण अशाच काही क्रिया फार संथपणे चालतात. आंब्याची अढी घातली, की दोन-तीन दिवसांनी पेंढ्यात हात घालून पाहा, ऊब लागते. आंबा झाडावरून उतरवला तरी त्याचा श्वासोच्छ्वास चालूच असतो आणि त्यातून उष्णता निघते. कापलेल्या चाऱ्याचंही तसंच. धाट पुरतं वाळेपर्यंत त्यातल्या पेशी जिवंत असतात. पुढे त्या मरतात, पण चाऱ्यात ओल राहिली असेल, तर बुरशी आणि सूक्ष्म जंतू कामाला लागतात. ते चाऱ्यातली साखर आणि पिष्टमय पदार्थ खातात, हवेतला प्राणवायू घेतात, आणि कर्बवायू, पाणी व उष्णता बाहेर टाकतात.

इथे दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. एक, चुलीत एक किलो वाळलेली काडी जाळली काय आणि तीच काडी बुरशीने पुरती खाल्ली काय, निघणारी उष्णता जवळजवळ सारखीच, म्हणजे सुमारे ४,००० किलोकॅलरी. चुलीत ती काही मिनिटांत निघते, गंजीत काही दिवसांत, एवढाच फरक. दुसरी गोष्ट, एक किलो काडी अशी संपली, की अर्ध्या किलोहून जास्त पाणी नव्याने तयार होतं. म्हणजे जंतू आपल्याला लागणारी ओल काही प्रमाणात स्वतःच निर्माण करतात.

उष्णता कोंडली म्हणजे काय होतं?

तुम्ही म्हणाल, साहेब, ओला चारा शेतात पसरलेला असतो तेव्हा तो का तापत नाही? तापतो, पण वारा ती उष्णता लगेच घेऊन जातो. तो गंजीत रचला, की मामला बदलतो. बर्फवाले बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात का ठेवतात? भुशात हवा अडकून राहते आणि त्यातून उष्णता सहजासहजी पार होत नाही. बाहेरची उष्णता बर्फापर्यंत पोचत नाही, म्हणून बर्फ टिकतो. कडबा, पेंढा, भुस्कट यांच्यातही हाच गुण आहे. फरक एवढाच, की इथे उष्णता आत तयार होते आणि बाहेर जाऊ शकत नाही. आपण थंडीत गोधडी घेतो, ती काही ऊब देत नाही, आपल्याच अंगची ऊब राखते. गंजीचा बाहेरचा थर हा आतल्या गाभ्याची गोधडीच असतो.

आता थोडा हिशेब करू. समजा १०० किलो चारा आहे आणि त्यात २५ टक्के ओल आहे. म्हणजे ७५ किलो कोरडी काडी आणि २५ किलो पाणी. एक किलो पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते, कोरड्या काडीला त्याच्या सुमारे चार-दशांश. म्हणजे हा सगळा ढीग एक अंश तापवायला ३० अधिक २५, एकूण ५५ किलोकॅलरी लागतील. या १०० किलोंपैकी फक्त एक किलो काडी जंतूंनी संपवली, तर उष्णता निघेल सुमारे ४,००० किलोकॅलरी. ती जराही बाहेर गेली नाही असं धरलं, तर तापमान ७० अंशांहून जास्त वाढेल. सुरुवातीला २७ अंश असेल, तर १०० च्या घरात जाईल. शंभरातला एक किलो, बंधूंनो!

प्रत्यक्षात एवढं होत नाही, कारण थोडी उष्णता बाजूंनी निघून जाते आणि बरीचशी पाण्याची वाफ होण्यात खर्च पडते. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण साडेपाचशे किलोकॅलरी लागतात. पण हिशेबाचं सार कायम राहतं. उष्णतेची आवक जावकीपेक्षा जास्त असेल, तोवर तापमान चढत राहणार.

जावक किती होणार हे ढिगाच्या आकारावर ठरतं. एक मीटर लांब, रुंद आणि उंच ढीग घ्या. त्याचा माल एक घनमीटर आणि सहाही बाजू मिळून पृष्ठभाग सहा चौरस मीटर. आता तीन मीटर लांब, रुंद, उंच ढीग घ्या. माल झाला २७ घनमीटर, पण पृष्ठभाग फक्त ५४ चौरस मीटर. माल सत्तावीसपट झाला आणि उष्णता बाहेर जाण्याची वाट नऊपटच वाढली. म्हणजे दर चौरस मीटरवर उष्णतेचा भार तिप्पट झाला. शिवाय गाभ्यापासून बाहेरचं अंतरही वाढलं. म्हणून तोच ओलसर चारा लहान ढिगात नुसता कोमट होतो आणि मोठ्या गंजीत करपतो.

कोमटपासून कोळशापर्यंत

रचल्यावर पहिले काही दिवस गंजीला थोडी ऊब येते. ४५-५० अंशांपर्यंत जाऊन ती आपोआप उतरली, तर काळजीचं कारण नाही. चारा पुरेसा वाळलेला नसेल, तर मात्र साधे जंतू मागे पडतात आणि उष्णता सोसणारे जंतू वाढतात. ते तापमान ७० अंशांपर्यंत चढवतात. त्याच्या थोडं पुढे गेल्यावर तेही मरतात.

इथे गाडी थांबायला हवी. पुष्कळदा थांबतेही. पण गंजी मोठी असेल, तर एवढ्या उष्णतेत काडीचा आणि प्राणवायूचा संयोग जंतूंवाचूनच होऊ लागतो. ही शुद्ध रासायनिक क्रिया. तिची रीत अशी, की दर दहा अंशांना तिचा वेग साधारण दुप्पट होतो. उष्णतेने क्रिया वाढते आणि क्रियेने उष्णता वाढते. गाभ्यात पाणी असेपर्यंत त्याची वाफ होण्यात उष्णता खर्ची पडते, हा एक लगाम असतो. गाभा कोरडा पडला, की हा लगाम सुटतो. मग काडी तपकिरी होते, काळी पडते, तिचा कोळसा होतो. दोनशे अंशांच्या पुढे गेलेल्या या कोळशाला बाहेरची हवा मिळाली, की भडका उडतो. रचल्यापासून दोन ते सहा आठवडे हा सर्वांत धोक्याचा काळ.

पुरता ओलाचिंब ढीग बहुधा कुजतो. खरा धोका असतो तो वरून वाळलेल्या, पण आतून दमट राहिलेल्या चाऱ्याचा. म्हणून ज्वारीच्या जाड धाटाकडे, लसूणघासाच्या वाळवणाकडे आणि परतीच्या पावसात सापडलेल्या सोयाबीनकडे विशेष लक्ष द्या. ही गोष्ट आजची नाही. ओलसर गवत रचलं तर ते तापून पेट घेतं, हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोलुमेला या रोमन शेतीलेखकाने लिहून ठेवलं आहे.

पेट घेतला नाही तरी नुकसान होतंच. तापलेल्या चाऱ्याला तंबाखूसारखा किंवा करपलेल्या गुळासारखा वास येतो. गुरं तो आवडीने खातात, त्यामुळे मालकाला वाटतं चारा उत्तम आहे. पण उष्णतेने त्यातली प्रथिनं अशी बांधली जातात, की ती जनावराला पचत नाहीत. पोट भरतं, पण अंगी लागत नाही आणि दूधही वाढत नाही. बुरशी लागलेला चारा तर गुरांना घालूच नये, विशेषतः गाभण जनावराला. तो हलवताना उडणारी धूळ माणसाच्या छातीलाही वाईट. नाकातोंडाला फडकं बांधूनच तो हलवावा.

मग मुरघास का पेटत नाही?

हा प्रश्न गावोगावच्या बैठकांत हमखास निघतो आणि तो बरोबर आहे. मुरघासात तर ६० ते ७० टक्के पाणी असतं. याचं उत्तर असं, की गंजी तापायला तीन गोष्टी एकत्र लागतात: ओल, हवा आणि उष्णतेचा कोंडमारा. यातली एक जरी काढून घेतली तरी काम भागतं.

वाळलेल्या कडब्यात आपण ओल काढून घेतो. मुरघासात चारा दाबून, झाकून हवा काढून घेतो. म्हणून खड्डा उघडल्यावर रोज पुरेसा थर काढला नाही, तर हवा लागलेला भाग तापू लागतो. पेंढ्यावर यूरियाची प्रक्रिया करताना १०० किलोला ४ किलो यूरिया आणि ५०-६० लिटर पाणी आपण स्वतःच घालतो. तिथेही ढीग दाबून २१ दिवस हवाबंद ठेवायचा असतो आणि यूरियातून निघणारा अमोनिया बुरशीला वाढू देत नाही. झाकण फाटकं ठेवलं, तर मात्र तोही ढीग तापतो आणि बुरसतो.

कंपोस्टात तिन्ही गोष्टी आपण मुद्दाम एकत्र आणतो. सर अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूर येथे शेतातल्या काडीकचऱ्याचं खत करण्याची जी पद्धत बसवली, तिचं पुस्तक १९३१ साली निघालं. ही इंदूर पद्धत याच उष्णतेवर चालते. चांगला भरलेला ढीग ६० अंशांच्या पुढे जातो. काही दिवस ५५ अंशांच्या वर राहिला, तर तणाचं बी आणि पुष्कळशा रोगांचे जंतू मरतात. ढीग एक घनमीटरपेक्षा लहान असेल, तर तो पुरेसा तापत नाही, कारण उष्णता निघून जाते. फार तापला, तर उलथापालथ करून आणि पाणी शिंपडून आपण त्याला आवरतो. म्हणजे उष्णता तयार होणं हा काही दोष नाही. कंपोस्टात आपण तिच्यावर नजर ठेवतो. गंजीत ती कोंडली जाते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

रचण्याआधी चारा तपासावा

१. धाट मधोमध मोडून पाहावे. कडकन मोडले तर वाळले. लवले किंवा आतला गाभा बोटाला दमट लागला, तर आणखी ऊन द्यावे. पेराजवळचा भाग सर्वांत उशिरा वाळतो, तो नखाने खरवडून पाहावा.

२. ओल मोजायची असेल, तर निरनिराळ्या पेंढ्यांतून थोडा थोडा चारा घेऊन बारीक चिरावा. त्यातला १०० ग्रॅम काट्यावर तोलावा. तव्यावर अगदी मंद आचेवर, करपू न देता वाळवावा आणि पुन्हा पुन्हा तोलावा. वजन कमी व्हायचे थांबले, की थांबावे. जितके ग्रॅम घटले, तितके टक्के ओल. पेंढ्यांच्या मोकळ्या गंजीला २० टक्क्यांच्या आत ओल असावी. भुस्कट, कडबाकुट्टी किंवा यंत्राने दाबलेल्या गाठी असतील, तर १५ टक्क्यांच्या आत. माल जितका बारीक आणि दाबलेला, तितकी वाफ बाहेर पडायला वाट कमी.

३. धान्याला साधी मिठाची बाटली पुरते. कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडे मीठ आणि धान्य घालून काही मिनिटे हलवावे. मीठ बाटलीला चिकटले, तर धान्यात १५ टक्क्यांहून अधिक ओल आहे. ते पोत्यात भरून थप्पी लावू नये. मीठ चिकटले नाही, म्हणजे माल लगेच बियाण्याला ठेवावा असा अर्थ नाही. बियाण्याचे सोयाबीन १० ते १२ टक्के ओलीपर्यंत वाळवावे लागते.

सोयाबीनबद्दल आणखी थोडं सांगतो. पाऊस येईल म्हणून आपण कापलेलं ओलं सोयाबीन घाईने सुडी करून प्लॅस्टिकने गच्च झाकतो. पाऊस बाहेर राहतो, पण आतली वाफ आतच राहते. कागदाला घाम सुटतो आणि तो पुन्हा मालावर ठिबकतो. चार-आठ दिवसांत दाणा काळपट पडतो. दिसायला दाणा ठीक राहिला, तरी उगवण गेलेली असू शकते, आणि ते कळतं पुढच्या पेरणीला. म्हणून सुडी लहान करावी, खाली हवा खेळती ठेवावी आणि पाऊस थांबताच कागद काढून माल पसरावा.

गंजी रचताना

१. जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी घ्यावी. वरून विजेच्या तारा जात नसाव्यात. घर आणि गोठा किमान ५० फूट लांब असावा.

२. खाली दगडांवर लाकडी ओंडके मांडून वर तुराट्यांचा थर द्यावा, म्हणजे बुडाला ओल धरणार नाही आणि हवा राहील.

३. एक अवाढव्य गंजी रचण्यापेक्षा दोन-तीन लहान रचाव्यात. रुंदी आठ फुटांच्या आत ठेवून लांबी वाढवावी. दोन गंज्यांत १५-२० फूट मोकळी जागा सोडावी. एक गेली तरी दुसरी वाचते.

४. ज्या पेंढ्यांबद्दल शंका असेल, त्या गंजीत घालू नयेत. त्या वेगळ्या उभ्या करून आधी गुरांना घालाव्यात. वाळलेल्या चाऱ्यात थोडा ओला मिसळला तर चालतं, हा समज चुकीचा आहे. त्या ओल्या भागातूनच तापायला सुरुवात होते.

५. शेंडा उतरता करावा, पाणी मुरू देऊ नये.

६. कळीच्या चुन्याची पोती चाऱ्याजवळ किंवा चाऱ्याच्या छपरात कधीही ठेवू नयेत. पोत्यावर पाणी गळले, की गोणपाट आणि त्याला लागून असलेला चारा पेटू शकतो. चुना भिजवताना चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. डोळे सांभाळावेत आणि मुलांना लांब ठेवावे.

सहा आठवडे नजर ठेवावी

रचल्यानंतर पहिले सहा आठवडे दर दोन-तीन दिवसांनी गंजीभोवती फेरी मारावी. पहाटेच्या गारव्यात शेंड्यातून वाफ निघते का, माथा दमट लागतो का, एखादी बाजू खचते आहे का, करपट वास येतो का, हे पाहावे.

गंजीच्या गाभ्यापर्यंत पोचेल अशी सात-आठ फुटांची लोखंडी सळई बाजूने आत खुपसावी आणि १५-२० मिनिटांनी काढून तिचे टोक जपून हाताने पाहावे. सहज धरता आले तर ठीक. गरम लागले पण धरवते, तर रोज पाहावे. चटका बसून सोडावे लागले, तर आत ५५-६० अंशांहून जास्त उष्णता आहे असे समजावे. १०० अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर मिळाला तर उत्तमच. टोकाशी भोके पाडलेला लोखंडी पाइप आत घालून, थर्मामीटर दोरीने त्यात सोडावा आणि पाव तासाने पाहावा. घरातला तापाचा थर्मामीटर वापरू नये, तो ४२ अंशांपर्यंतच मोजतो.

५५ अंशांपर्यंत: रोज पाहावे.
५५ ते ६५ अंश: शांत वाऱ्याच्या वेळी, पाणी जवळ ठेवून गंजी मोडावी आणि चारा मोकळ्या जागेत पातळ पसरावा.
६५ अंशांच्या वर: दर दोन-तीन तासांनी मोजावे. अग्निशमन दलाला कळवल्याशिवाय गंजी मोडू नये.
८० अंशांच्या वर: आत निखारा असू शकतो. गुरे आणि माणसे लांब न्यावीत आणि ताबडतोब मदत बोलवावी.

गंजी फार तापली तर

अशा वेळी माणसाचा पहिला विचार असतो, की चला, मोडून टाकू. नेमका तिथेच घात होतो. आत हवेवाचून धुमसणाऱ्या कोळशाला एकदम हवा मिळते आणि अंगावर भडका येतो. म्हणून घाई करू नका. १०१ किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा. गोठ्यातली जनावरं सोडून लांब बांधावीत. पाण्याचा टँकर आणि पंप तयार ठेवावा.

गंजीवर कोणीही चढू नये. वरून ती धड दिसते, पण आतून जळून पोकळी झालेली असते. माणूस त्या पोकळीत खचून पडला, तर वाचवणं अवघड होतं. छपराखाली धुमसत असेल, तर आतही जाऊ नये. या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस नकळत बेशुद्ध पडतो. नुसतं वरून पाणी ओतूनही भागत नाही. उतरत्या शेंड्यावरून ते वाहून जातं आणि गाभा तसाच राहतो. अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली बाहेरून थोडा थोडा चारा काढत आणि भिजवत जावं लागतं. काढलेला चाराही लांब पसरून रात्रभर राखण ठेवावी, कारण तो पुन्हा पेट घेऊ शकतो. चाऱ्यासाठी कोणी जीव धोक्यात घालू नये.

काडी कुणी लावली?

आता पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक आग आपोआप लागते, असं माझं म्हणणं मुळीच नाही. विडीचं थोटूक, चुलीची ठिणगी, विजेच्या तारांचं घर्षण, बांध पेटवल्यावर पसरलेला वणवा, ही कारणं नेहमीचीच आहेत. रब्बीच्या ज्वारीचा खडखडीत वाळलेला कडबा एप्रिलमध्ये पेटला, तर तो आपोआप तापला असं म्हणता येणार नाही. कोरड्या चाऱ्याला आतून तापायला ओलच नसते. तिथे कारण बाहेरच शोधावं.

पण चारा ओलसर रचला होता, रचून दोन ते सहा आठवडे झाले होते, आधी काही दिवस करपट वास येत होता, वाफ दिसत होती, एक बाजू खचली होती, आणि आग विझल्यावर मधला भाग कोळसा होऊन कडेचा चारा बराच शिल्लक आहे, अशी सगळी लक्षणं जुळली, तर भावकीकडे बोट दाखवण्याआधी थांबा. तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. चारा कधी रचला, त्या आठवड्यात पाऊस होता का, वास कोणाला आला होता का, हे त्यात नोंदवायला सांगा. उरलेला चारा लगेच उकरून फेकू नका. कारण समजलं, म्हणजे खोटा आळ टळतो आणि पुढच्या वर्षी तीच चूक होत नाही.

घरातल्या आया-बहिणींनाही एक विनंती आहे. गंजीतून रोज चारा काढायला पुष्कळ ठिकाणी तुम्हीच जाता. पेंढी ओढताना हाताला ऊब लागली किंवा वेगळा वास आला, तर ते घरात त्याच दिवशी सांगा. सळईच्या आधी तुमच्याच हाताला ते कळतं.

थोडक्यात, लक्षात ठेवा:

ओलसर चारा रचू नका. फार मोठी गंजी करू नका. ओल्या मालावर प्लॅस्टिक गच्च आवळू नका. कळीचा चुना चाऱ्यापासून लांब ठेवा. सहा आठवडे सळई घालून पाहत जा. आणि तापलेली गंजी घाईने मोडू नका.

या विषयावर शंका असेल, तर आपल्या गावच्या कृषी साहाय्यकाला किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारा. हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्यालाही वाचायला द्या.